पेठेतला वक्ता आणि पेठेतली वाट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गावच्या मुख्य पेठेत एका शनिवारी संध्याकाळी पाण्याच्या प्रश्नावर सभा भरली. जागा मोक्याची होती. एका अंगाला कापडाची दुकाने, दुसऱ्या अंगाला भांडेआळीचे तोंड, आणि मधे चौक. एका टेबलावर उभा राहून एक तरुण बोलत होता. भाषण काही जहाल नव्हते. नळाला पाणी किती वेळ येते आणि टँकर कोणाच्या दारात रिकामा होतो, एवढाच त्याचा विषय. परंतु विषय ज्याच्या त्याच्या घरचा असल्यामुळे श्रोते वाढत गेले आणि पाहता पाहता चौक भरला. नेमक्या त्याच वेळी भांडेआळीतून एका बाळंतिणीला दवाखान्यात न्यावयाचे होते. तिची रिक्षा चौकाशी येऊन अडकली. लोकांनी वाट करून दिली खरी, पण तीस मीटरांची ती वाट काढायला वीस मिनिटे लागली. बाई सुखरूप बाळंत झाली, हे सर्वांचेच नशीब.

दुसऱ्या दिवशी व्यापारी मंडळींनी अर्ज तयार केला, की ह्यापुढे पेठेत कोणतीही सभा होऊ देऊ नये. तरुण मंडळींनी लगोलग दुसरा अर्ज लिहिला, की सभेचा हक्क घटनेने दिलेला आहे, त्याला कोणी हात लावू नये. दोन्ही अर्जांवर आमच्या स्नेह्यांच्या सह्या होत्या आणि दोघांनीही आमची सही मागितली. कापडदुकानाचे वयोवृद्ध मालक म्हणाले, “अहो, ती पोरगी दगावली असती तर ह्यांच्या हक्काला काय चाटायचे होते?” टेबलावर उभा राहिलेला तरुण म्हणाला, “काका, तुमच्या दिवाळीच्या सेलला ह्याच्या दुप्पट गर्दी होते. तेव्हा अर्ज का नाही केलात?” आम्ही दोघांचेही ऐकून घेतले आणि सही कोणालाच दिली नाही. का दिली नाही, आणि कोणत्या अर्जावर दिली असती, हे सांगण्यासाठी हा लेख.

पेठेचे दोन धर्म

पेठ म्हटली की डोळ्यांपुढे आधी दुकाने येतात. परंतु पेठेत नुसता मालच विकला जातो असे नाही. तेथे पूर्वापार माणसाचा आवाजही नांदत आला आहे. दवंडी पिटायची ती आठवड्याच्या बाजारी, कारण पंचक्रोशीतली माणसे त्या दिवशी एका जागी सापडतात. वासुदेव, गारुडी, जडीबुटीवाला वैदू, हाळी देणारा फेरीवाला, ह्या सर्वांनी पेठ बोलती ठेवली. बोलणाऱ्याला पेठ का हवी? ज्या कारणासाठी ती दुकानदाराला हवी, त्याच कारणासाठी. तेथे माणसे असतात. ज्याला वर्तमानपत्र काढता येत नाही, सभागृहाचे भाडे परवडत नाही, त्याचे व्यासपीठ म्हणजे रस्त्याचा कोपरा. व्याख्यानमालेला येणारा श्रोता ऐकण्याचे ठरवून घरून निघतो. पेठेतला श्रोता भाजी घ्यायला आलेला असतो आणि जाता जाता ऐकतो. ज्याचे म्हणणे ऐकायचे अजून कोणीच ठरवलेले नाही, त्याला हाच दुसरा श्रोता हवा असतो.

हल्ली ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आहे, मग चौकात घसा कशाला कोरडा करायचा, अशी शंका कोणी काढील. परंतु मोबाइलवर ज्याला जे रुचते तेच बहुधा त्याच्यापुढे येते. न रुचणारे बोलणे अवचित कानावर पडायला अजून चौकच लागतो.

पेठेचा दुसरा धर्म वाटेचा. रस्ता हा मुळात जाण्यायेण्यासाठी आहे. त्यावर बाळंतिणीचा, शाळेतून परतणाऱ्या मुलांचा, आग विझवायला निघालेल्या बंबाचा, आणि ज्याला सभेशी काही कर्तव्य नाही अशा माणसाचाही हक्क आहे. ह्यांतला कोणताही एक धर्म खरा आणि दुसरा उपरा, असे मानले की भांडण तेथूनच सुरू होते. प्रश्न एवढाच, की एकाच रस्त्यावर दोन्ही धर्म कसे पाळावेत?

शब्द ऐसपैस झाला की काय होते

आपल्या घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात हे दोन्ही हक्क शेजारी शेजारी बसवलेले आहेत. भाषणाचे स्वातंत्र्य आहे, शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे, आणि देशभर मुक्तपणे संचार करण्याचेही आहे. तेथेच प्रत्येक स्वातंत्र्याला ‘वाजवी निर्बंध’ घालण्याची मुभा राज्याला दिलेली आहे. सारा तंटा त्या ‘वाजवी’ शब्दाभोवती आहे.

घटना अंमलात येऊन पाच महिनेही झाले नव्हते, तोच हा तंटा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ ह्या साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या राज्यात येण्यास बंदी केली होती. कारण दिले होते सार्वजनिक सुरक्षिततेचे. रमेश थापर ह्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि मे १९५० मध्ये न्यायालयाने बंदी रद्द ठरवली. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते, की ‘सार्वजनिक सुरक्षितता’ ह्या शब्दांचा घेर फार मोठा आहे. बेफाम गाडी हाकणे हाही सुरक्षिततेचाच प्रश्न, आणि राज्य उलथून टाकण्याचा कट हाही सुरक्षिततेचाच. एवढ्या घेराच्या शब्दाखाली विचार दडपता येणार नाही. त्यानंतर १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती झाली. तिने ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण घटनेत घातले, पण त्याबरोबरच भाषणावरील निर्बंध ‘वाजवी’ असला पाहिजे, ही अटही घातली.

पुढे १९६५ साली, डॉ. राममनोहर लोहियांच्या एका खटल्यात, न्यायमूर्ती हिदायतुल्ला ह्यांनी ह्या घोळावर फार सुबोध चित्र दिले. एकात एक अशी तीन वर्तुळे कल्पावीत. सर्वांत बाहेरचे वर्तुळ कायदा व शिस्तीचे, त्याच्या आतले सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि सर्वांत आतले राज्याच्या सुरक्षिततेचे. बाहेरच्या वर्तुळात काही बिघडले म्हणून आतले बिघडलेच असे नव्हे. पेठेत एका टेबलापाशी दोघांची बाचाबाची झाली, तर ती पहिल्या वर्तुळातली गोष्ट. तिच्यासाठी दुसऱ्या वा तिसऱ्या वर्तुळाचे हत्यार उपसणे म्हणजे पिसू मारायला पांघरूण जाळणे होय.

एक शनिवार, एक चौक

आमच्या गावच्या प्रश्नाशी फार जुळणारा एक खटला अमेरिकेत होऊन गेला आहे. न्यू हॅम्पशायर राज्यात मँचेस्टर नावाचे शहर आहे. तेव्हा तेथे पाऊण लाखाहून थोडी अधिक वस्ती होती. ८ जुलै १९३९ हा शनिवार. संध्याकाळी बाजारात तुफान गर्दी. शनिवारच्या रात्री त्या बाजारातील एका चौकातून तासाभरात २६,००० माणसे जातात, अशी साक्ष पुढे खटल्यात झाली. त्या दिवशी ‘जेहोव्हाचे साक्षीदार’ ह्या पंथाचे ८८ लोक एका सभागृहात जमले, पंधरा-वीसजणांच्या टोळ्या करून निघाले आणि दुकानांपुढच्या पदपथावरून एकामागे एक, हातात फलक घेऊन चालत गेले. फलकांवर प्रस्थापित धर्माला झोंबणारा मजकूर होता. मिरवणुकीला परवाना लागतो हा नियम होता, आणि परवाना त्यांनी मागितलाच नव्हता. त्यांच्यापैकी ६८ जणांवर खटले झाले.

प्रकरण वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९४१ साली न्यायालयाने एकमताने शहराचा नियम उचलून धरला. परंतु तो का उचलून धरला, हे महत्त्वाचे आहे. त्या राज्याच्या न्यायालयाने नियमाचा अर्थच असा लावला होता, की परवाना देणाऱ्याने केवळ वेळ, जागा आणि रीत एवढेच पाहावे. एकाच रस्त्यावर एकाच वेळी दोन मिरवणुका आल्या तर घोटाळा होईल, पोलिसांना आधी कळले तर बंदोबस्त नीट होईल, एवढाच परवान्याचा हेतू. फलकावर काय लिहिले आहे हे विचारण्याचा अधिकार त्याला नाही आणि मर्जीप्रमाणे हो-नाही करण्याचाही नाही. म्हणजे न्यायालयाने त्या लोकांचे बोलणे वाईट ठरवले नाही. वाटेचा हिशेब आधी सांगा, एवढेच म्हटले.

ह्याच तत्त्वाची दुसरी बाजू १९४८ आणि १९४९ च्या दोन निकालांत दिसते. न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट येथे ध्वनिक्षेपकाला परवानगी द्यायची की नाही, हे सर्वस्वी पोलिसप्रमुखाच्या मर्जीवर सोपवले होते. न्यायालयाने तो नियम १९४८ साली रद्द केला. पुढच्याच वर्षी ट्रेंटन शहरातील, कर्कश भोंगे लावून हिंडणाऱ्या गाड्यांना मनाई करणारा नियम मात्र त्याच न्यायालयाने कायम ठेवला. वरवर पाहता हे दोन निकाल एकमेकांविरुद्ध वाटतील. खरे तर दोन्हींत एकच सूत्र आहे: गोंगाटाला नियम असावा, पण तो कोणा अधिकाऱ्याची लहर नसावा.

अहमदाबादचा निकाल

आता आपल्या देशाकडे वळू. मुंबई पोलिस अधिनियम, १९५१ हा कायदा जुन्या द्विभाषिक राज्याच्या वाटणीनंतर महाराष्ट्राप्रमाणे गुजरातेतही राहिला. त्याच्या आधारे अहमदाबादच्या पोलिस आयुक्तांनी नियम केला होता, की लेखी परवानगीवाचून सार्वजनिक रस्त्यावर सभा घेता येणार नाही. १९६९ साली हिमतलाल शहा ह्यांनी विद्यार्थ्यांच्या सभेसाठी परवानगी मागितली. ती नाकारली गेली. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला.

त्या निकालाचे दोन भाग आम्हांला दोन्ही अर्जदारांना वाचून दाखवावेसे वाटले. पहिला भाग तरुणांसाठी. वाटेल त्या रस्त्यावर, वाटेल तेव्हा सभा भरवण्याचा हक्क कोणालाही नाही, आणि सरकारला रस्त्यावरील सभांचे नियमन करता येते. दुसरा भाग व्यापाऱ्यांसाठी. नियमन करता येते म्हणून एकूण एक रस्त्यांवर सभा बंद करता येत नाही, आणि परवानगी कोणत्या कारणासाठी नाकारावी ह्याचे काहीच दिग्दर्शन नसेल, तर असा नियम टिकत नाही. अहमदाबादचा नियम ह्या दुसऱ्या कारणासाठी कोसळला. परवानगी मागायला लावली म्हणून तो गेला नाही. परवानगी नाकारणाऱ्याला कारण सांगायला लावले नाही, म्हणून गेला.

येथे कोणी म्हणेल, की जमावबंदीचा हुकूम तर सरसकट निघतोच ना? निघतो. नागपुरात १९५६ च्या आरंभी कापडगिरणीतील दोन कामगार संघटनांचा वाद पेटला असता असा हुकूम निघाला होता, आणि बाबूलाल पराते खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यामागचा कायदा वैध ठरवला. परंतु हे हत्यार तातडीच्या प्रसंगाचे आणि थोड्या मुदतीचे, हे गृहीत धरूनच. जुने १४४ कलम आता राहिले नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १६३ वे कलम त्याच्या जागी आले, आणि तेथेही दंडाधिकाऱ्याच्या हुकमाची मुदत सामान्यतः दोन महिन्यांची आहे. घराला आग लागली म्हणजे दार फोडावे लागते. म्हणून रोज दार फोडूनच घरात शिरावे असे होत नाही.

गर्दीचे गणित

सुरक्षितता, सुरक्षितता असे आपण म्हणतो, पण तिचे माप काढतो का? गर्दीत माणसे मरतात ती बहुधा पायांखाली तुडवली जाऊन, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात पुष्कळ वेळा ती उभ्या उभ्या गुदमरतात. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशा चौकोनात दोन-तीन माणसे असली तर त्यांना हलता येते. पाचांच्या पुढे धोका सुरू होतो. सहा-सात झाली म्हणजे माणसाला स्वतःच्या पायांवरचा ताबा उरत नाही. गर्दी पाण्यासारखी वाहू लागते, तिच्यातून लाटा जाऊ लागतात आणि छाती फुगवायलाही जागा राहत नाही.

आता आपली पेठ मापून पाहा. समजा रस्ता नऊ मीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंना दुकानांच्या पायऱ्या, हातगाड्या आणि दुचाक्या मिळून दोन-दोन मीटर गेले. उरले पाच. सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ८० माणसे जाऊ शकतात असे धरतात. म्हणजे पाच मीटरांतून ४००. त्यांतले तीन मीटर सभेने व्यापले, तर उरलेल्या दोन मीटरांतून जेमतेम १६०. रिक्षा वा रुग्णवाहिका आली की तेही संपले. हेच दोनशे श्रोते चौरस मीटरला अडीच माणसे ह्या बेताने उभे केले, तर त्यांना अवघी ८० चौरस मीटर जागा पुरते. एखाद्या शाळेचे फाटक किंवा चौकाचा रुंद कोपरा तेवढा सहज असतो. म्हणजे पुष्कळदा सभा बंद करावी लागत नाही. तिला वीस पावले सरकवावे लागते आणि चार दुचाक्या उचलाव्या लागतात.

ह्या गणितातून आणखी एक गोष्ट कळते. गर्दीला भाषणाची गरज नसते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड आणि परळ ह्या स्थानकांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर २३ माणसे मेली. तेथे कोणी भाषण करीत नव्हते. पाऊस होता आणि जिना अरुंद होता. २९ ऑक्टोबर २०२२ रोजी दक्षिण कोरियात सेऊलच्या इतेवॉन भागात, जेमतेम चार मीटर रुंदीच्या उतरत्या गल्लीत, सणाच्या गर्दीत १५९ जणांचे प्राण गेले. तेथेही सभा नव्हती. धोक्याची सूचना देणारे अकरा दूरध्वनी पोलिसांना त्याआधी गेले होते, पहिला तर जवळजवळ पावणेचार तास आधी. उलटपक्षी, २७ सप्टेंबर २०२५ रोजी तमिळनाडूतील करूर येथे रस्त्यावरच्या एका राजकीय सभेत चेंगराचेंगरी होऊन ४१ माणसे दगावली. म्हणजे सभेमुळे धोका होतो हेही खरे, आणि सभेवाचून होतो हेही तितकेच खरे. समान गोष्ट एकच: जागा कमी आणि माणसे जास्त. तेव्हा दिवाळीच्या सेलसंबंधी त्या तरुणाने विचारलेला प्रश्न उद्धट होता, पण चुकीचा नव्हता. जो नियम सभेला लागू, तोच सेलच्या मांडवाला, उत्सवाच्या कमानीला आणि वरातीलाही लागू झाला, तर तो सुरक्षिततेचा नियम. नुसत्या सभेला लागू झाला, तर त्याचे नाव काहीही असो, तो तोंड बंद करण्याचा नियम होय.

दगड कोणाच्या हातात आहे?

आतापर्यंत जे सांगितले ते मोजता येण्याजोगे होते. ह्यापुढचा प्रश्न अवघड आहे. वक्ता शांतपणे बोलतो आहे, वाट मोकळी आहे, आवाज बेताचा आहे, पण त्याचे बोलणे काहींना खपत नाही. ते म्हणतात, हे भाषण थांबवा, नाहीतर आम्ही दगड मारू. आता पोलिसांनी कोणाचा हात धरावा? वक्ता एक असतो आणि समोरचे शंभर असतात. म्हणून एकालाच खाली उतरवणे सोयीचे वाटते.

इंग्लंडात वेस्टन नावाच्या समुद्रकाठच्या गावात १८८२ साली हाच प्रसंग आला. मुक्तिफौजेचे लोक गाणी म्हणत रस्त्यांतून जात, आणि ‘सांगाड्यांची फौज’ म्हणवणारी एक टोळी त्यांच्यावर चालून येई. दंडाधिकाऱ्यांनी जामीन मागितला तो मुक्तिफौजेकडून. वरच्या न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. दुसरा कोणी बेकायदा वागेल म्हणून कायदेशीर वागणाऱ्याला दोषी ठरवता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. पुढे १९९७ साली वेकफील्ड येथे कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर, शहराच्या अगदी मध्यवस्तीत, धर्मप्रवचन करणाऱ्या तीन स्त्रियांभोवती शंभरावर लोक जमले आणि काही चिडले. पोलिसांनी त्या स्त्रियांनाच पकडले. १९९९ साली न्यायमूर्ती सेडली ह्यांनी त्यांच्यापैकी एकीचे अपील मान्य करताना जे सांगितले त्याचा आशय असा, की कोणालाच न बोचणारे तेवढेच बोलण्याचे स्वातंत्र्य हे बाळगण्यायोग्य स्वातंत्र्यच नव्हे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८९ साली, राखीव जागांवर टीका करणाऱ्या एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात, निदर्शनांच्या वा हिंसेच्या धमकीपुढे मान तुकवून अभिव्यक्ती दडपता येणार नाही, असे बजावले.

मग वक्त्याला मर्यादाच नाही काय? आहे. त्याच १९८९ च्या निकालात न्यायालयाने दारूच्या कोठारातल्या ठिणगीचा दाखला दिला आहे. बोलणे आणि धोका ह्यांचा संबंध इतका जवळचा आणि थेट असला पाहिजे. “टँकर पुढाऱ्याच्याच दारात रिकामा होतो” हे वाक्य पुढाऱ्याला झोंबेल, पण ती ठिणगी नव्हे. “तो पाहा टँकर, फोडा त्याच्या काचा” हे वाक्य त्याच चौकात, त्याच तापलेल्या जमावापुढे उच्चारले, तर ती ठिणगी होय. पहिल्या वाक्याला उत्तर शब्दांनी द्यावे, आणि दुसऱ्याला कायद्याने.

येथे एक सावधगिरीची सूचना. गर्दीने भरलेल्या नाट्यगृहात ‘आग, आग’ असे खोटेच ओरडण्याचे स्वातंत्र्य कोणाला नाही, हा दाखला आपण व्याख्यानांतून पुष्कळदा ऐकतो. तो अमेरिकेतील न्यायमूर्ती होम्स ह्यांनी १९१९ साली दिला. दाखला बिनतोड आहे. परंतु तो कोणावर वापरला गेला? सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध पत्रके वाटणाऱ्या एका माणसाची शिक्षा कायम करताना. त्याने कोठेही आग लागल्याची हूल उठवली नव्हती. पन्नास वर्षांनी, १९६९ साली, त्याच न्यायालयाने ती कसोटी मागे सारली, आणि तत्काळ बेकायदा कृत्य घडवून आणण्याची खरोखरीची चिथावणी असेल तरच शिक्षा, असे ठरवले. दाखला चांगला असला म्हणजे तो योग्य जागीच लावला जातो असे नाही, हे लक्षात ठेवावे.

दूरची जागा

शेवटचा मुद्दा जागेचा. पुष्कळ सुज्ञ मंडळी म्हणतात, सभांना एक मैदान ठरवून द्यावे म्हणजे भांडण मिटेल. लंडनच्या हाइड पार्कात १८७२ च्या कायद्यानंतर वक्त्यांचा कोपरा नांदला तो असाच. तोडगा चांगला आहे, पण मैदान कोठे, ह्यावर सारे अवलंबून आहे. गावापासून तीन मैलांवर, स्मशानापलीकडे जागा दिली, तर बोलण्याचा हक्क दिला आणि ऐकणारा काढून घेतला असे होते. दिल्लीच्या जंतरमंतरवर सरसकट बंदी आली, तेव्हा २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. रहिवाशांच्या त्रासाची दखल घेऊन नियम करा, पण बंदी नको, असे सांगितले. दोनच वर्षांनी, २०२० साली, शाहीनबागेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले, की निषेधाचा हक्क मान्य असला तरी सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले म्हणजे तराजूची दोन्ही पारडी दिसतात.

तिसरा अर्ज

आता आमच्या सहीकडे परत येऊ. व्यापाऱ्यांच्या अर्जात बाळंतिणीची कळकळ खरी होती, पण तिच्या आडोशाने नको असलेली भाषणेही जाणार होती. तरुणांच्या अर्जात हक्काची चाड खरी होती, पण त्यात त्या रिक्षेचा उल्लेखही नव्हता. म्हणून आम्ही तिसरा अर्ज लिहिला. त्यातली कलमे साधी होती. पेठेत सभा व्हाव्यात. चार दिवस आधी लेखी सूचना द्यावी. शनिवारी संध्याकाळी चौकाच्या मधोमध न घेता शाळेच्या फाटकाच्या अंगाला घ्याव्यात. आळीच्या तोंडापासून तीन मीटरांची वाट दोरी बांधून मोकळी ठेवावी आणि तिच्यावर सभेच्याच चौघा स्वयंसेवकांनी उभे राहावे. ध्वनिक्षेपकाच्या बाबतीत २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम पाळावेत, म्हणजे व्यापारी भागात दिवसा ६५ डेसिबल, आणि रात्री दहानंतर बंद. परवानगी नाकारली तर कारण लेखी द्यावे, आणि ते कारण वेळेचे, जागेचे वा आवाजाचे असावे, विषयाचे नसावे. हीच कलमे सेलच्या मांडवांना आणि मिरवणुकांनाही लागू असावीत.

अर्ज दोन्हीकडे नेला. कापडदुकानदारांनी शेवटचे कलम वाचून कपाळाला आठी घातली. तरुणाने चार दिवसांचे कलम वाचून मान हलवली. सौदा पटत आल्याचे हे लक्षण आहे, असे पेठेत मुरलेला कोणीही सांगेल. महिनाभर घासाघीस झाली, चार दिवसांचे तीन झाले, आणि दोघांनीही सह्या केल्या. त्यांच्याखाली आम्ही आमची केली.

आमच्या मते ह्या प्रश्नातले शहाणपण एवढेच आहे. रस्त्याला माप लावावे, घड्याळाला लावावे, भोंग्याला लावावे, पण वक्त्याच्या म्हणण्याला लावू नये. जोवर तो कोणाच्या हाती दगड देत नाही, तोवर त्याला बोलू द्यावे. आणि बोलणाऱ्यानेही टेबलावर चढण्यापूर्वी एकवार आळीच्या तोंडाकडे पाहून घ्यावे. तेथून रिक्षा येणार असते.